तळव्याखालचं थोरियम

चपला काढा आणि नारळाच्या बुंध्याशी ठेवून द्या. आजचा दिवस अनवाणी चालायचंय. ज्या वाळूसाठी तुम्हाला इथवर ओढून आणलंय, तिची ओळख तळव्यांना आधी होते, डोळ्यांना नंतर.

तुम्ही केरळात आहात, कोल्लमच्या जरा उत्तरेला, नींडकऱ्याच्या बंदरात. वर्ष १९९५, महिना डिसेंबर, वेळ सकाळची साडेसहा. रात्रभर बाहेर असलेले ट्रॉलर एकामागून एक अष्टमुडीच्या तोंडातून आत शिरताहेत. डिझेलचा धूर घशात बसतो. त्याच्या मागोमाग कोळंबीचा, बर्फाच्या ओल्या भुशाचा, कुजलेल्या जाळ्यांचा आणि कुठूनतरी येणाऱ्या काळ्या चहाचा वास. बर्फ फोडायच्या यंत्रात लाद्या पडताहेत आणि त्यांचा खडखडाट लिलावाच्या ओरड्यावर मात करतोय. लिलाव मल्याळममध्ये चाललाय. तुम्हाला आकडे कळत नाहीत, पण वाढत जाणारा सूर नेमका कळतो. ॲल्युमिनियमचं घमेलं डोक्यावर घेतलेली एक बाई तुमच्या बरगडीत कोपर खुपसून पुढे जाते. घमेल्यातून गळणारं खारट पाणी तुमच्या दंडावरून ओघळतं. पुसू नका. दुपारपर्यंत असं बरंच अंगावर येणार आहे.

चला आता किनाऱ्याने उत्तरेकडे. एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला झावळ्यांचे झाप लावलेली घरं, अधूनमधून सिमेंटचीही. मागे कालवा, कालव्यात भिजत घातलेली नारळाची सोडणं. त्या कुजणाऱ्या सोडणांचा वास नाकात शिरला की तुम्ही थांबता आणि मागे वळून बघता. इथलं कुणीच वळत नाही. बायका पाण्याबाहेर काढलेली सोडणं लाकडी दांड्याने बडवताहेत, धप धप धप, आणि पलीकडे दोघीजणी चाकावर काथ्याची दोरी वळत उलट्या पावली मागे सरकताहेत.

खाली बघा. रत्नागिरीच्या बाजूला काळ्या वाळूवर चालला असाल, तर हा रंग तुमच्या ओळखीचा आहे. तो इल्मेनाइटचा. पण इथे मूठभर वाळू उचला आणि तळहातावर पसरा. जड लागते ना? नेहमीच्या वाळूपेक्षा बरीच जड. काळ्या दाण्यांमध्ये मधाच्या रंगाचे, किंचित पिवळे, गुळगुळीत दाणे शोधा. सापडला? तोच मोनाझाइट. त्याच्या वजनात ८ ते १० टक्के थोरियमचं ऑक्साइड असतं. सह्याद्रीच्या या दक्षिण टोकाचे खडक झिजले, नद्यांनी ती झीज समुद्रात आणून टाकली, आणि दर पावसाळ्यात लाटा हलकी वाळू उचलून नेत राहिल्या, जड दाणे किनाऱ्यावर साठत गेले. नींडकऱ्यापासून पुरक्काडपर्यंत सुमारे ५५ किलोमीटरची ही चिंचोळी पट्टी. थोरियमची निम्मी मात्रा विरायला चौदाशे कोटी वर्षं लागतात. तुमच्या तळहातावरच्या दाण्यातलं थोरियम पृथ्वी जन्मली तेव्हापासून किरणं सोडतंय आणि या क्षणीही सोडतंच आहे.

काय जाणवतंय? काहीच नाही. ऊन जाणवतं. काळी वाळू तापायला लागली की तुम्ही पावलं झपाझप उचलायला लागता. किरणांना वास नाही, ऊब नाही, आवाज नाही. जगभरात माणसाला निसर्गाकडून किरणांची वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मात्रा मिळते. या पट्टीत काही जागा अशा आहेत जिथे उघड्यावरचा आकडा वर्षाला ७० मिलिग्रेपर्यंत जातो. किरणांशी रोजचा संबंध असलेल्या कामगाराला आंतरराष्ट्रीय शिफारशीने जी मर्यादा घालून दिली आहे ती वर्षाला सरासरी २० मिलिसिव्हर्ट. गॅमा किरणांच्या बाबतीत ही दोन्ही एककं साधारण सारखीच मोजता येतात, म्हणून तुलना सरळ करा. त्या कामगाराला छातीवर किरणं मोजणारा बिल्ला लावावा लागतो, दर काही महिन्यांनी त्याची नोंद होते. इथे समोर एक दीड वर्षांचं पोर उघड्या बुडाने त्याच वाळूत बसून शिंपल्याने खड्डा खणतंय.

आता तुमच्या लक्षात आलं असेल की जगभरचे वैज्ञानिक या किनाऱ्यावर पुन्हा पुन्हा का येतात. मोठ्या मात्रेने काय होतं ते हिरोशिमा-नागासाकीने दाखवलं. थोड्या थोड्या मात्रेने, आयुष्यभर, पिढ्यानुपिढ्या काय होतं, या प्रश्नावर प्रयोग करता येत नाही. माणसांवर तर नाहीच. तो प्रयोग वाळूने आपणहून करून ठेवला आहे आणि त्यात माणसं राहताहेत.

त्यांच्यातल्याच एका घराकडे आपण निघालोय. वाटेत एक टोळी भेटते: दोन तरुण, एक बाई, खांद्याला पिशव्या, हातात जाडजूड नोंदवह्या. तिरुवनंतपुरमच्या प्रादेशिक कर्करोग केंद्राची ही माणसं. इथल्या करुनागप्पळ्ळी तालुक्यात १९९० पासून कर्करोगाची नोंदणी सुरू झाली आणि त्याचबरोबर दारोदार जाऊन गणना. निवडक घरं नाहीत, सगळी. तालुक्यात जवळपास चार लाख माणसं, सत्तर हजारांवर घरं. बारा पंचायती. काही खोल आत, जिथे वाळू साधी आहे. काही समुद्राला खेटून. शेजारी शेजारी राहणारी, एकच भाषा बोलणारी, तीच मासळी खाणारी माणसं, फरक फक्त पायाखालच्या जमिनीचा. तुमच्या हातात एक नोंदवही दिली जाते. आज तुम्ही हमाल.

पहिलं घर. झापांचं छप्पर, दारात तुळस, वळणीवर मुंडू. ओसरीवर एक आजी पाय पसरून बसली आहे. टोळीतली बाई तिला “अम्मूम्मा” म्हणून हाक मारते आणि आजी लगेच सरकून जागा करते. “या, मक्कळे, या.” सगळ्यांना लेकरं म्हणायची इथल्या वयस्क बायकांची पद्धत, त्यात तुम्हीही आलात. काळा चहा येतो, बिनदुधाचा, तोंड भाजेल इतका गरम. तुम्ही फुंकर घालेपर्यंत प्रश्न सुरू झालेत.

घरात कोण कोण? वय काय? जन्म याच घरात झाला की दुसरीकडे? लग्न होऊन आलात तर कुठल्या गावाहून? नवरा काय करायचा? मासे किती वेळा खाता? पान खाता? तंबाखूसकट? विडी कोण ओढतं, दिवसाला किती, कितव्या वर्षापासून? आजी गालातली तंबाखू एका बाजूला सारून उत्तर देते. तिचा मुलगा कोपऱ्यात बसून विडी ओढतोय. विडीच्या प्रश्नावर तो ती विझवत नाही, फक्त पाठीमागे धरतो.

तेवढ्यात एका तरुणाने पिशवीतून सिंटिलोमीटर, म्हणजे किरणं मोजायचं यंत्र, काढलाय. खोलीच्या मध्यभागी जातो, जमिनीपासून मीटरभर उंचीवर धरतो, आकडा स्थिरावेपर्यंत थांबतो. घरभर एकदम शांतता. मग बाहेर अंगणात तेच. दोन आकडे नोंदवहीत, एक आतला, एक बाहेरचा. सगळा हिशेब पुढे याच दोन आकड्यांवर उभा राहणार आहे. पुरुष दिवसातले किती तास घरात असतो? बाई किती? पोरं किती? वयाप्रमाणे आणि कामाप्रमाणे हे तास बदलतात. होडीवर गेलेला नवरा पाण्यावर असतो तेवढा वेळ वाळूपासून लांब असतो. ओसरीवर काथ्या वळणारी बायको दिवसभर तिच्यावरच बसलेली. एकाच छपराखालच्या दोघांचे आकडे वेगळे. म्हणून इतके खोदून खोदून प्रश्न.

आजी यंत्राकडे बोट दाखवून विचारते, “ते जमिनीखालचं मोजतं ना? मागेही आले होते तुमच्यासारखे. उंदीर पकडायला.”

तरुण हसतात. हसू नका, आजी खरं बोलतेय. धरा हात, तीस वर्षं मागे जाऊया.

अंधार. याच पट्टीतल्या चवरा गावाजवळची एक झोपडी, १९६० चं दशक. विजेचा दिवा दूरवर कुठेच नाही. ओसरीत गॅसबत्ती सुसूकार करत जळतेय, तिच्याभोवती पावसाळी किडे. त्या पांढऱ्याशुभ्र उजेडात जरा थांबा, कारण हा उजेडसुद्धा तुमच्या पायाखालच्या वाळूशी नातं सांगतो. गॅसबत्तीची जाळी म्हणजे थोरियम नायट्रेटमध्ये भिजवलेलं सुती मोजं. पहिल्यांदा पेटवलं की सूत जळून जातं आणि थोरियमच्या ऑक्साइडचा नाजूक सांगाडा उरतो, तो तापून प्रकाशतो. असं सांगतात की शोंबर्ग नावाच्या जर्मन रसायनतज्ज्ञाला १९०९ मध्ये मोनाझाइटचा पत्ता लागला तो इथून परदेशी गेलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत. स्वातंत्र्यानंतर वाळू आलुव्याच्या कारखान्यात जाऊ लागली आणि १९५५ पासून मुंबईत तुर्भ्याच्या कारखान्यात जाळ्यांसाठी थोरियम नायट्रेट तयार होऊ लागलं. महाराष्ट्रातल्या लग्नाच्या वराती, जत्रेतले तमाशे, रात्रभराची कीर्तनं ज्या बत्त्यांवर झाली, त्यांच्या जाळ्यांमध्ये हाच मधाच्या रंगाचा दाणा जळत होता.

कोपऱ्यात खडखड होते. पिंजऱ्यात उंदीर सापडला. एक माणूस पिंजरा उचलतो, त्यावर चिठ्ठी बांधतो: कुठलं घर, कुठला दिवस. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधले आनुवंशशास्त्रज्ञ हान्स ग्र्यूनेबर्ग आणि त्यांचे सहकारी या पट्टीतले आणि पट्टीबाहेरचे घरातले काळे उंदीर गोळा करून त्यांची हाडं आणि दात मोजणार आहेत. कल्पना साधी आणि धूर्त आहे. माणसाची एक पिढी व्हायला पंचवीस वर्षं लागतात, उंदराच्या त्या काळात कितीतरी पिढ्या होतात, आणि उंदीर तर वाळूत नाक खुपसूनच जगतो. किरणांनी आनुवंशिक घाण साठत असेल तर ती आधी इथे दिसायला हवी. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी १९५९ मध्येच असे प्रदेश अभ्यासा म्हणून सुचवलं होतं. मजूर, पिंजरे, फॉर्मॅलिनचा डोळ्यांत झोंबणारा वास, हाडं मोकळी करायचं किचकट काम. १९६६ मध्ये अहवाल छापून आला: पट्टीतले उंदीर आणि बाहेरचे उंदीर यांच्यात किरणांच्या माथी मारता येईल असा फरक नाही.

उंदरांचं झालं. माणसांचं काय?

आता दहा वर्षं पुढे सरका, सत्तरच्या दशकात. दुपार. अंगणातल्या फणसाखाली गर्दी जमली आहे कारण दिल्लीहून डॉक्टर आलेत, अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतून. एक डॉक्टर एका मुलाचा तळहात उघडून रेषा बघताहेत, डोळ्यांचे कोपरे बघताहेत, त्याच्या आईला तिचं वय विचारताहेत. आई पदराने मुलाची लाळ पुसते आणि ताठ उभी राहते. तिला कुणी काय सांगितलं असेल? हा क्षण मला फार महत्त्वाचा वाटतो. पुढे जे आकडे जगभर गाजले त्यातला एकेक आकडा असाच कुणाच्या तरी अंगणात, कुणाच्या तरी आईसमोर लिहिला गेला.

१९७६ मध्ये कोचुपिल्लै, वर्मा, ग्रेवाल आणि रामलिंगस्वामी यांनी ‘नेचर’मध्ये लिहिलं की पट्टीतल्या सुमारे १३ हजार लोकांत डाऊन सिंड्रोमची १२ माणसं सापडली आणि बाहेरच्या सुमारे ६ हजारांत एकही नाही. गुणसूत्रांतले बिघाडही पट्टीत जास्त. खळबळ उडाली. पुढच्याच वर्षी भाभा अणुसंशोधन केंद्राच्या सुंदरम यांनी त्याच नियतकालिकात उत्तर दिलं. त्यांचा मुद्दा तुम्हालाही चटकन कळेल. डाऊन सिंड्रोम सगळीकडेच काही मुलांत असतो, आईचं वय वाढलं की जास्त. मग बाहेरच्या सहा हजारांत एकही का नाही? संशय पट्टीतल्या बारांवर घ्यायचा की बाहेरच्या शून्यावर?

मी दोन्ही बाजू वाचल्यावर शून्याकडेच बघत राहिले. पण दिल्लीच्या डॉक्टरांनी प्रश्न विचारला नसता, तर पुढची वीस वर्षं ज्या काटेकोरपणे मोजणी झाली ती झाली असती का, याची मला शंका आहे.

परत १९९५ मध्ये या. आजीचा चहा एव्हाना निवलाय, तो एका घोटात संपवा, आपल्याला हॉस्पिटलात जायचंय. फिनाइलचा वास, भिंतीला टेकून उभे बाप, कुणाच्या तरी हातात केळ्याच्या पानात बांधलेली पुडी. आतून बाळाचं पहिलं रडणं ऐकू येतं आणि रांगेतले सगळे बाप एकदम मान वर करतात. भाभा केंद्राच्या कोल्लममधल्या लोकांनी याच वर्षी ऑगस्टपासून इथल्या रुग्णालयांत नव्या बाळांची नोंद सुरू केली आहे. जन्मतः काही व्यंग आहे का, आई कुठल्या गावची, नात्यात लग्न झालंय का, आईचं वय किती. नाळेतलं थोडं रक्त काढून घेतलं जातं, त्यातल्या पेशी वाढवून गुणसूत्रं तपासली जातील. सुरुवातीच्या सुमारे ३७ हजार बाळांचा हिशेब १९९९ मध्ये प्रसिद्ध होईल आणि व्यंगांचा संबंध गावातल्या किरणांच्या पातळीशी जुळलेला नसेल. पण आज ते कुणाला माहीत नाही. आज नर्सच्या हातात छोटीशी कुपी आहे, त्यावर क्रमांक आहे, आणि बाळाचं नाव अजून ठरायचं आहे.

दुपार टळली. पोटात कावळे. टपरीवजा हॉटेलात कप्पा, म्हणजे टॅपिओकाचा उकडलेला कंद, आणि कुडमपुळीच्या आंबट लाल रश्शातली तारली. हाताने खा, कंद रश्शात दाबा, काटा जिभेने वेगळा काढा. या जेवणाचीही तपासणी झाली आहे. भाभा केंद्राच्या मिस्त्री, भारतन आणि गोपाल-अय्यंगार यांनी इथल्या आहारातली किरणोत्सारिता मोजून १९७० मध्ये प्रसिद्ध केली. माणूस काय श्वासात घेतो, काय खातो, कशावर झोपतो, सगळं टिपलं गेलंय. इतकं बारकाईने कुणी तुमच्या जेवणाकडे कधी पाहिलंय?

टेबलापलीकडे सर्वेक्षणातले दोघे वाद घालताहेत. ऐका, कारण जगभरच्या परिषदांमध्ये हाच वाद चालतो, फक्त तिथे तारलीचा रस्सा नसतो.

पहिला म्हणतो, किरणाचा एक कणही पेशीतला डीएनए तोडू शकतो, म्हणून मात्रा कितीही छोटी असो, धोका तितक्याच प्रमाणात छोटा असतो, शून्य कधीच नसतो. आलेखावर सरळ रेघ काढायची ती थेट शून्यापर्यंत. जगभरचे सुरक्षेचे नियम या रेघेवर बेतलेत. दुसरा म्हणतो, पेशी काही हातावर हात ठेवून बसत नाही, ती डीएनए सांधते, अगदीच बिघडलेली पेशी मरून जाते. हिरोशिमात मात्रा एका क्षणात मिळाली, इथे तीच सत्तर वर्षांत थेंबाथेंबाने मिळते. दोन्हींना एकच रेघ कशी लावायची? काहीजण याच्याही पुढे जातात आणि थोडी मात्रा हितकारकच म्हणतात. ब्राझीलमधल्या गुआरापरीला अशाच काळ्या वाळूत लोक दुखरे सांधे बरे व्हावेत म्हणून अंग पुरून घेतात.

मग मोजून का नाही संपवत वाद? कारण मोजणंच फार अवघड आहे. कर्करोग किरणांविनाही होतो, भरपूर होतो. त्यात थोड्याशा मात्रेने पडलेली भर शोधणं म्हणजे भर आठवडी बाजारात एकाच माणसाची कुजबुज ऐकणं. १००० मिलिसिव्हर्टचा परिणाम दिसायला ५०० माणसं पुरत असतील, तर १०० मिलिसिव्हर्टचा दिसायला ५० हजार लागतात, आणि १० मिलिसिव्हर्टचा दिसायला ५० लाख. मात्रा दहापट कमी, माणसं शंभरपट जास्त. आता कळलं, टोळी प्रत्येक दार का ठोठावते?

कोपऱ्यातला रेडिओ खरखरतो, मालक काउंटरवर पैसे मोजतो, बाहेर इल्मेनाइट भरलेला ट्रक गर्जत जातो आणि त्याने उडवलेली काळी धूळ तुमच्या ओल्या बोटांना चिकटते.

संध्याकाळपर्यंत आणखी बरीच घरं. प्रत्येक घरी चहा. नाही म्हणता येत नाही, म्हणून पाहू नका. कुणाकडे सिमेंटची जमीन आहे, कुणी बाहेरून विटा आणून भिंती घातल्या आहेत, आणि अशा घरात आतला आकडा बाहेरच्यापेक्षा चांगलाच खाली येतो. एक बाई विचारते, “मग आम्हीही सिमेंट घालू का?” टोळीतली बाई म्हणते, परवडत असेल तर घाला. आणि मग नवऱ्याच्या हातातल्या विडीकडे बघून म्हणते, “पण आधी ती सोडा.” तिला अजून निकाल माहीत नाहीत. तरी ती बरोबर बोलतेय.

ते निकाल ऐकण्यासाठी तुम्हाला मी आता धक्का देऊन पुढे ढकलते.

२००२. पेटर फोर्स्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी किनाऱ्यावरच्या, दहा किलोमीटर लांब आणि एक किलोमीटर रुंद अशा पट्ट्यात पिढ्यानपिढ्या राहिलेल्या आणि त्याबाहेरच्या २४८ कुटुंबांमधल्या ९८८ माणसांचा मायटोकाँड्रियातला डीएनए तपासला. हा डीएनए फक्त आईकडून येतो, म्हणून आजी, आई, मुलगी अशी साखळी लावता येते. पट्ट्यातल्या कुटुंबांत नवे बदल जास्त सापडले. पहिल्या बाजूचा माणूस टेबलावर हात आपटेल: बघा! दुसरा म्हणेल: बदल सापडले, आजार कुठे सापडला? दोघांचंही बरोबर आहे.

२००९. करुनागप्पळ्ळीचा मोठा निकाल. दारोदार नोंदलेल्यांपैकी ३० ते ८४ वयोगटातले ६९,९५८ लोक सरासरी साडेदहा वर्षं पाठपुराव्यात राहिले. २००५ च्या अखेरीपर्यंत त्यांच्यात १,३७९ जणांना कर्करोग झाला. प्रादेशिक कर्करोग केंद्राचे रघुराम नायर आणि त्यांच्या जपानी सहकाऱ्यांच्या चमूने प्रत्येकाच्या घरातले ते दोन आकडे, राहिलेली वर्षं, घरातले तास, विडी, तंबाखू, शिक्षण सगळं हिशेबात घेतलं. वाळूतल्या किरणांमुळे कर्करोग वाढल्याचं दिसलं नाही. त्याच लोकांच्या नोंदींमधून विडी आणि फुप्फुसाचा कर्करोग, चघळायची तंबाखू आणि तोंडाचा कर्करोग यांचा संबंध मात्र ठळक उमटला. आकडे भोंगळ असते तर तोही उमटला नसता. माझ्या दृष्टीने या अभ्यासाची ताकद तिथे आहे.

तरी वाद संपला नाही, आणि संपला असं म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. रक्ताच्या कर्करोगाचे रुग्ण अवघे ३० होते, एवढ्यावर ठामपणे बोलता येत नाही. परिणाम दिसला नाही याचा अर्थ तो नाहीच असा होत नाही; सरळ रेघ सांगते तेवढा छोटा धोका या आकड्यांत लपूनही राहू शकतो. मला स्वतःला वाटतं की हळूहळू मिळणारी मात्रा एकदम मिळणाऱ्या मात्रेपेक्षा कमी घातक असावी, आणि या किनाऱ्याचे आकडे त्याच बाजूला झुकतात. पण म्हणून उद्या एखाद्या कारखानदाराने कामगाराला सांगितलं की चवऱ्याला लोक याहून जास्त सोसतात, तर ते मी खपवून घेणार नाही. वाळू कुणी त्या लोकांच्या अंगणात आणून टाकली नव्हती. कारखान्यातली मात्रा माणूस माणसाला देतो, आणि तिचा जाब द्यावाच लागतो.

एक गट त्या मोठ्या हिशेबात आलाच नव्हता. तीस वर्षांच्या आतले. तुम्ही १९९५ मध्ये ज्या हॉस्पिटलच्या बोळात उभे होता, तिथे रडलेली बाळं आता तिशीत पोचताहेत. आजीच्या घराला कुठल्या वर्षी सिमेंट लागलं ते कुणाला आठवणार नाही, पण या मुलांच्या बाबतीत जन्माचं गाव, आईचं वय, काहींच्या नाळेतल्या रक्तातली गुणसूत्रं, हे पहिल्या दिवसापासून कागदावर आहे. कर्करोगाचा आकडा वयाबरोबर वाढतो, म्हणून त्यांचे आकडे बोलायला लागतील ते आणखी वीस-तीस वर्षांनी. तोवर नोंदणी चालू राहिली पाहिजे. त्यासाठी पगार निघाला पाहिजे, वह्या जपल्या पाहिजेत, आणि प्रत्येक घराने तोच चहा पुन्हा ठेवून तेच प्रश्न पुन्हा ऐकून घेतले पाहिजेत.